ठिपक्याला ठिपका जुळला, तरी...

जळगाव-भुसावळकडे ‘अंश’ हा शब्द निघाला की माणसे आधी आभाळाकडे बघतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास रेंगाळू लागतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि आज भुसावळ पुढे की जळगाव, अशी एक चमत्कारिक चढाओढ घराघरांत रंगते. पण याच मुलखात, धुळ्याला आग्रा रोडच्या कडेने आणि जळगावला अजिंठा चौफुलीच्या आसपास जी गॅरेजे आहेत, तिथे दुसऱ्याच एका अंशाचा हिशेब चालतो. निदान चालायला हवा. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकावर असतो तो हा अंश. वर्तुळाचे ३६० भाग, त्यातला एक. मोटारीच्या इंजिनात असे चार-पाच अंश इकडचे तिकडे झाले, तर तीच गाडी घाटात धापा टाकते किंवा सपाटीवर एका वेगापुढे जायलाच मागत नाही. मालक बिचारा कार्बोरेटर साफ करून घेतो, प्लग बदलतो, पेट्रोल पंपवाल्याला बोल लावतो. दोष मात्र असतो इंजिनाच्या पोटात, साखळीने फिरणाऱ्या एका दांड्यात. त्या दांड्याचे नाव कॅमशाफ्ट.

कॅम म्हणजे काय, हे समजायला गॅरेजात जाण्याचीही गरज नाही. घरातले जुने शिवणयंत्र उघडून पाहावे. सुई खाली जाते, जराशी वर यायला लागते, त्या क्षणी दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो आणि नेमक्या त्याच वेळी शटलचे टोक येऊन तो फास पकडते. टोक थोडे आधी आले तर फास झालेला नसतो. थोडे उशिरा आले तर तो निसटून गेलेला असतो. सुई चांगली, दोरा चांगला, यंत्राला तेलही घातलेले, आणि तरी टाके सुटतात! ‘मशिनचा टायमिंग गेला’ असे आपल्याकडच्या आया-आज्या म्हणतात, ते यालाच.

मोटारीच्या इंजिनात असेच आहे. सिलिंडरला दोन दारे: एकातून पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत येते, दुसऱ्यातून जळालेला धूर बाहेर जातो. या दारांना व्हॉल्व्ह म्हणतात. गॅरेजात त्याचा ‘वॉल’ होतो. कॅमशाफ्टवर अंड्यासारखे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्हला दाबून उघडतो. उंचवटा निघून गेला की स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. पिस्टन ज्या क्रँकला जोडलेले असतात तो दोन फेरे घेतो तेव्हा कॅमशाफ्ट एक फेरा घेतो. गाडी मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी चालली असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. चार सिलिंडरचे आठ व्हॉल्व्ह. एवढ्या धांदलीत कोणी कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे त्या एका दांड्याने सांभाळायचे.

आता कोणालाही वाटेल की पिस्टन वरून खाली निघाला की दार उघडावे, खालच्या टोकाला पोचला की बंद करावे, झाले काम. तसे केले तर इंजिन चालेल, पण मरगळलेले चालेल. कारण हवेलाही वजन आहे आणि एकदा पळायला लागली की तीही चटकन थांबत नाही. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर उभे राहून पाहावे. गाडी लागते, लोंढा दाराकडे धावतो. जागा भरल्या असे कंडक्टरला वाटते, पण मागून रेटा असा असतो की आणखी पाच-सात जण आत शिरतातच. शहाणा कंडक्टर त्या रेट्याचा फायदा घेतो आणि दार क्षणभर उघडे ठेवतो. साध्या मोटारीतही पिस्टन तळाला पोचून पुन्हा वर निघाल्यावर क्रँक चाळीस-पन्नास अंश फिरेपर्यंत आतले दार उघडे असते, ते याचसाठी. मात्र रेटा नसेल, गर्दी संथ असेल, आणि तरी दार उघडे ठेवले, तर आत बसलेलेच दोघे-चौघे खाली उतरून चहाला जातात! कमी वेगात नेमके हेच होते. वर येणारा पिस्टन आत घेतलेले मिश्रण पुन्हा बाहेर ढकलतो.

सारी मेख इथे आहे. दार लवकर मिटवले तर इंजिन कमी वेगात जोर धरते, पण वेग वाढला की गुदमरते. उशिरा मिटवले तर वरच्या वेगात गाडी सुसाट निघते, पण खालच्या वेगात तिच्यात जीव नसतो. मोटारवेड्या तरुणांमध्ये ‘रेसिंग कॅम’ या शब्दाभोवती जी जादू आहे, ती मला म्हणूनच थोडी फसवी वाटते. उंच आणि रुंद उंचवट्यांचा कॅम शक्ती वाढवतो हे खरे, पण बहुतेक वेळा ती वरच्या वेगात वाढते आणि खालच्या वेगातून कापून घेतलेली असते. मद्रासजवळ शोलावरमला जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत, तिथे फियाट गाड्याही पळत. अशा सपाट पट्टीवर इंजिन सतत वरच्या वेगात असते. तिथे हा सौदा परवडतो. खानदेशात परवडेल का?

खानदेशचा रस्ता एकसारखा नाही. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. जुन्या माणसांच्या तोंडी ते अजूनही तीन नंबर आणि सहा नंबरच. तापीकाठ तळहातासारखा सपाट. पण शिरपूर मागे टाकून सेंधव्याकडे निघा, बिजासनचा घाट आहे. सुरतेकडे निघा, कोंडाईबारी आहे. चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरकडे निघा, कन्नडचा घाट आडवा येतो. लग्नसराईत सहा माणसे, दोन ट्रंका आणि टपावर गादीची वळकटी घेऊन कन्नडचा घाट चढणाऱ्या गाडीला मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांवरची शक्ती काय कामाची? तिला दोन हजारांवर ओढ हवी. अहिराणीत गिऱ्हाईक गॅरेजवाल्याला अगदी नेमके सांगतो, ‘गाडी वढस नही, भाऊ.’ पळत नाही, अशी त्याची तक्रार नसते. ओढत नाही, अशी असते.

इंजिनाला दोन्ही गुण एकाच वेळी का देता येऊ नयेत, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. गंमत अशी की भुसावळकरांना याचे उत्तर मोटारीच्या आधीपासून ठाऊक होते. भुसावळला वाफेच्या इंजिनांची मोठी शेड होती. त्या इंजिनाचा ड्रायव्हर गाडी जागेवरून हलवताना वाफ सिलिंडरमध्ये बराच वेळ येऊ देत असे. गाडीने वेग घेतला की आपल्या हातातल्या दांडीने वा चक्राने तो वाफेचे दार लवकर मिटू लागे. ओढताना वेगळी वेळ, पळताना वेगळी वेळ, आणि ती ड्रायव्हरच्या हातात. पेट्रोलच्या मोटारींना ही सोय विकत घेण्याजोग्या गाडीत मिळायला १९८० साल उजाडले. इटलीच्या आल्फा रोमिओने ती आणली. होंडाने १९८९ मध्ये जपानात ‘व्हीटेक’ आणले आणि नव्या शतकात ते नाव होंडा सिटीच्या पाठीवर बसून आपल्या गावांतही पोचले. आज साध्या कौटुंबिक गाड्यांतही कॅमची वेळ संगणक चालता चालता बदलतो. मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

पण जुन्या गाडीला एकच वेळ असते. इंजिन बांधताना माणसाने जी ठरवली ती. पुढे इंजिन पुन्हा उघडेपर्यंत तीच.

जुनी गाडी म्हटली की आपल्याकडे फियाट आलीच. सोलापूरच्या मातीतल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या गाड्या निघू लागल्या. १९६४ ची ‘डिलाइट’ आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनची ‘पद्मिनी’ ही एकाच घराण्यातली भावंडे. १०८९ सीसीचे इंजिन, सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, शक्ती चाळीसेक घोड्यांची. आजच्या एखाद्या बऱ्या मोटारसायकलीला लाजवेल अशी नाही, पण त्या चाळीस घोड्यांनी दोन पिढ्या ओढल्या. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून हद्दपार झाली. खानदेशात मात्र एखाद्या वाड्याच्या पडवीत, कापड टाकून झाकलेली, वडिलांची आठवण म्हणून न विकलेली पद्मिनी अजून सापडते. हौशी मंडळी आता ती बाहेर काढू लागली आहेत. आणि मग इंजिन उघडले जाते.

(यामाहा आरएक्स १०० वाल्यांनी इथे हसून घ्यावे. त्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्टच नाही! सिलिंडरच्या भिंतीतली भोके पिस्टनच उघडतो आणि झाकतो. त्यांची डोकेदुखी निराळी.)

इंजिन उघडले की पहिला मोह होतो तो सगळे ‘ओरिजिनल’ बसवण्याचा. पण बंद झालेल्या गाडीचा नवा कॅमशाफ्ट दुकानात सहज मिळत नाही. जुनाच ग्राइंड करून घेतला जातो, कधी हौसेने त्यावर थोडा अधिक रुंद उंचवटा कोरून घेतला जातो. हेड वाकलेले असते म्हणून ते लेथवर घासून सपाट करतात. साखळी दुसऱ्याच बनावटीची येते. आणि हे सगळे जोडताना मिस्तरी काय बघतो? क्रँकच्या दातेरी चाकावर एक ठिपका असतो, कॅमच्या चाकावर एक ठिपका असतो. ठिपक्याला ठिपका जुळवला की टायमिंग बसले. वर्षानुवर्षे असेच चालत आले आणि नव्या कोऱ्या सामानाला ते पुरेसेही होते. कारखान्याने ठिपका मारला तेव्हा बाकीची मापे काय आहेत हे त्याला ठाऊक होते. आता त्यातले किती माप शिल्लक आहे?

ग्राइंड करताना दांडा यंत्रावर एक-दोन अंश फिरून बसला तर उंचवटे तेवढे सरकतात. ठिपका जागच्या जागीच असतो. चावीच्या खाचेत ढिलाई आली तर चाक सरकते. ठिपका चाकावरच असतो. साखळी झिजून लांबली तर कॅम मागे पडतो, कारण साखळीची ओढती बाजू लांबलेली असते. शिवाय ठिपका चुकला तर तो दातानेच चुकतो. क्रँकच्या चाकाला २० दात असतील, तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. एवढी चूक झाली तर इंजिन खोकते, धड सुरूही होत नाही आणि लगेच कळते. चार अंशांची चूक मात्र सभ्य असते. इंजिन सुरू होते, गाडी चालते, घरी जाते. फक्त ओढत नाही.

हाच प्रकार विहिरीवरच्या ऑइल इंजिनांचा. विजेचे पंप सर्वदूर पोचण्याआधी रावेर-यावलच्या केळीबागांचे पाणी याच इंजिनांच्या भरवशावर होते. तिथे साखळीऐवजी गिअर असत, गिअरवर खुणा असत. बहुतेक इंजिनांत तोच कॅमशाफ्ट डिझेलच्या पंपालाही ढकलत असल्यामुळे, खूण हुकली की हवेची वेळही चुके आणि तेलाचीही. इंजिन काळा धूर ओकू लागे, आणि ऐन उन्हाळ्यात पाण्याची एक पाळी हुकणे केळीला किती महाग पडते, हे त्या गावांना सांगायला नको.

तर ठिपका जुळवून झाल्यावर तो खरे बोलतो आहे का, हे मोजून बघणे; याला इंग्रजीच्या मागे जाऊन गॅरेजवाले ‘डिग्री करणे’ म्हणतात. धुळ्यात एका पद्मिनीवर हे काम होताना मी पाहिले. मालक निवृत्त शिक्षक. मिस्तरी त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान.

‘ठिपके तर जुळलेत ना, मिस्तरी?’ गुरुजींनी विचारले.

‘जुळलेत गुरुजी. पण ठिपका मारणारा माणूस आपल्या ओळखीचा नाही.’

मग त्याने ॲल्युमिनियमची एक गोल चकती काढली. कडेने ० ते ३६० आकडे. व्यास २० सेंटिमीटर, म्हणजे कडेला एक अंश पावणेदोन मिलिमीटरचा. डोळ्यांना सहज दिसणारा. चकती जितकी मोठी तितका अंश मोठा, हे भूमितीच्या वर्गात कोणी सांगितले असते तर किती बरे झाले असते! ही चकती क्रँकच्या टोकाला बोल्टने आवळली. सायकलच्या तारेचा काटा वाकवून इंजिनाच्या अंगाला लावला आणि त्याचे टोक आकड्यांवर आणले.

पहिला प्रश्न शून्य कुठे, हा. पिस्टन अगदी वरच्या टोकाला असेल तेव्हा काटा शून्यावर हवा. हे वाटते तितके सोपे नाही. वरच्या टोकाला पिस्टन जणू विसावा घेतो. या इंजिनात क्रँक टोकापासून पाच अंश फिरला तरी पिस्टन मिलिमीटरचा पाचवा हिस्साही खाली येत नाही. नुसत्या नजरेने वा बोटाने शून्य ठरवले तर सुरुवातीलाच चार-पाच अंशांचा गोंधळ! म्हणून युक्ती अशी: हेड काढलेलेच होते, सिलिंडरवर एक जाड पट्टी आडवी आवळली, तिच्या मधोमध बोल्ट खाली सोडला. पिस्टन वर येताना त्याला टेकून थांबतो. क्रँक हळूच एका दिशेने फिरवला; पिस्टन टेकला तेव्हा काटा ३४ वर. उलट्या दिशेने फिरवला. टेकला तेव्हा काटा दुसऱ्या बाजूला २८ वर. खरे टोक या दोहोंच्या बरोबर मध्ये असणार. फरक सहाचा, म्हणून काटा तीन अंश सरकवला. पुन्हा दोन्हीकडून टेकवून पाहिले: ३१ आणि ३१. आता शून्य खरे. गुरुजी इतका वेळ खुर्चीवर होते, ते उठून जवळ आले.

बोल्टची पट्टी काढून टाकली. (ती विसरून कोणी इंजिन जोराने फिरवले तर पिस्टनला भोक पडते, म्हणून ती काढून मालकाच्या हातात देण्याची या मिस्तरीची रीत मला आवडली.) पहिल्या सिलिंडरच्या इनलेटच्या टॅपेटवर पुशरॉड उभा केला आणि त्याच्या डोक्यावर डायल गेजचा पाय टेकवला. डायल गेज ही काही चैनीची वस्तू नव्हे. लेथचे काम करणाऱ्या वर्कशॉपात ती असतेच, गॅरेजात मात्र क्वचित दिसते. कॅमचा उंचवटा पूर्ण वर आला तिथे डायल शून्यावर आणली. पण शिखरावरही तोच विसावा: काही अंश टॅपेट हलतच नाही. म्हणून शिखर थेट न मोजता दोन्ही उतारांवर सारख्याच उंचीवर उभे राहायचे. शिखरापासून पन्नास थाऊ, म्हणजे १.२७ मिलिमीटर खाली. चढताना त्या उंचीवर काटा किती अंशांवर आहे ते लिहायचे, उतरताना किती ते लिहायचे. चढताना ७८, उतरताना १४२. बेरीज २२०, निम्मे ११०. याचा अर्थ, पिस्टन टोकावरून निघाल्यानंतर ११० अंशांनी इनलेट सर्वांत जास्त उघडतो. उंचवट्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतील तर हा हिशेब बिनचूक.

कॅम ग्राइंड करणाऱ्याने दिलेल्या कार्डावर आकडा होता १०६.

मिस्तरीने पुन्हा मोजले. क्रँक नेहमी ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरवत आकडा गाठायचा. पुढे गेला तर नुसता मागे घेऊन भागत नाही, पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे यायचे, नाहीतर साखळीतली ढिलाई आकड्यात मिसळते. पुन्हा ७८ आणि १४२. ठिपक्याला ठिपका जुळलेला आणि कॅम चार अंश मागे! दार चार अंश उशिरा उघडणार, चार अंश उशिरा मिटणार. म्हणजे सपाटीवर थोडी बरी आणि घाटात मेलेली गाडी. या गाडीला तर घाटच चढायचे होते. गुरुजींची लेक संभाजीनगरला.

चार अंश पुढे आणायचे कसे? दात बदलून नाही. तो अठरा अंशांची उडी मारतो. चाक आणि दांडा यांना बांधणारी जी चावी असते, तिच्याऐवजी मधोमध पायरी असलेली चावी बनवून घालतात. चाक किंचित वळते. क्रँकचे चार अंश म्हणजे कॅमचे दोन. चावीजवळ हा सारा फरक एका मिलिमीटरच्या आतलाच भरतो. दुसऱ्या दिवशी लेथवाल्याकडून चावी आली, बसवली, पुन्हा मोजले. ७४ आणि १३८. बेरीज २१२, निम्मे १०६.

इथे काम संपले असे समजणारेच पुढे इंजिन फोडतात. कॅम पुढे आणला की इनलेट व्हॉल्व्ह लवकर खाली येतो, आणि पिस्टन अजून वरच असतो. दोघांची गाठ पडली तर व्हॉल्व्ह वाकतो. त्यात हेड घासून पातळ झालेले असले, उंचवटा वाढवलेला असला, की जागा आणखी कमी. यावरचा उपाय इतका घरगुती आहे की गुरुजींना हसू आवरेना. मुलांच्या खेळण्यातली मऊ रंगीत माती पिस्टनच्या माथ्यावर थापायची, हेड तात्पुरते बसवायचे, रॉकर लावायचे आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा. कुठे अडला तर पान्याला लांब पाइप लावून जोर करायचा नाही. अडणे हाच निरोप आहे. मग हेड काढून मातीत उमटलेला ठसा ब्लेडने कापायचा आणि सर्वांत पातळ जागी जाडी मोजायची. इनलेटखाली निदान दोन मिलिमीटर, एक्झॉस्टखाली अडीच मिलिमीटर, हा रूढ नियम. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो, जास्त लांबतो, आणि मागे लागलेला पिस्टन त्याच्या पाठीवरच असतो. म्हणून त्याला अर्धा मिलिमीटर जास्तीचा. या पद्मिनीत जागा भरपूर निघाली.

खरे तर मोजण्याच्या आधीचे बसवण्याचे कामही सबुरीचे. कॅमशाफ्ट लांबलचक आणि वजनदार. तो आत सरकवताना बेअरिंगला ओरखडा पडू नये म्हणून टोकाला लांब बोल्ट लावून मूठ करतात. बेअरिंगच्या जागी इंजिन ऑइल, उंचवट्यांवर काळे मॉलिब्डेनमचे ग्रीस. आणि एक पथ्य कधीच मोडू नये: ग्राइंड केलेल्या कॅमखाली जुने झिजलेले टॅपेट घालू नयेत. टॅपेटचा तळ दिसायला सपाट, पण किंचित फुगीर असतो, आणि उंचवटाही किंचित उतरता. त्यामुळे टॅपेट काम करताना स्वतःभोवती फिरत राहतो आणि सारखा झिजतो. जुना टॅपेट जुन्या सोबत्याशी झिजून बसलेला असतो. त्याला नव्या उंचवट्यावर बसवले की तो फिरत नाही, एकाच जागी घासतो आणि थोड्याच दिवसांत दोघेही खरवडले जातात. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवावेत.

हे सारे वाचून एखाद्या तरुणाला आपल्या नव्या गाडीत ‘हॉट कॅम’ घालायची सुरसुरी आली असेल, तर दोन गोष्टी सांगायला हव्यात. कारखान्याने ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी दूर नेणाऱ्या बदलांना मोटार वाहन कायद्याचे १९८८ चे ५२ वे कलम आडवे येते, आणि रुंद कॅमच्या गाडीला ‘पीयूसी’त पास होणेही जड जाते, कारण कमी वेगात तिच्यातून न जळलेले पेट्रोल बाहेर पडते. दुसरे, नव्या गाडीत कॅम, पेट्रोलचे फवारे आणि प्रज्वलन या तिघांचे नाते संगणकात लिहिलेले असते. त्यातला एक बदलून दोघांना अंधारात ठेवता येत नाही. वेगाची हौस ज्यांना भागवायची आहे, त्यांनी ती बंद ट्रॅकवर भागवावी. बिजासनचा घाट चढून इंदूरच्या बाजूला गेले की पीथमपूरला २०२१ मध्ये सुरू झालेला, सव्वाअकरा किलोमीटरचा चाचणी ट्रॅक आहे. गाड्या कशा मोजून पाहतात, याची कल्पना तिथले काम पाहून यावी. आपल्या आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या पोरांना एक चकती आणि एक डायल गेज हाती देऊन, एकाच जुन्या इंजिनावर वर्षभर मोजायला लावले तरी पुष्कळ होईल असे मला वाटते. नववीतल्या मुलाला जमेल एवढेच त्यात गणित आहे.

पद्मिनी तिसऱ्या दिवशी सुरू झाली. नव्या कॅमची पहिली वीस मिनिटे सर्वांत नाजूक. गाडी सुरू करून ‘बघा, किती छान आयडलिंग’ म्हणत मंद गतीवर ठेवायची नाही. कमी वेगात उंचवट्यांवर तेल पुरेसे उडत नाही. मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे, वीस मिनिटे, मधून थोडे वर-खाली. ऐन मे महिना, म्हणून रेडिएटरपुढे पंखा लावून ठेवला होता आणि मिस्तरीचा एक पोरगा तापमानाच्या काट्यावरून नजर हलवत नव्हता. मग इंजिन थंड होऊ दिले, तेल बदलले, फिलर गेजने टॅपेट पुन्हा लावले. पाचशे किलोमीटरनंतर ते परत लावायला यायचे, असे गुरुजींना बजावून सांगितले. टायमिंग कव्हर बसवण्याआधी मिस्तरीने त्याच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने तारीख, कॅमचा आकडा १०६ आणि खाली ‘चावी बदललेली आहे’ एवढे लिहून ठेवले होते. पुढे कधी हे इंजिन उघडणाऱ्या माणसाला ठिपके थोडे वाकडे दिसतील. त्याने ते सरळ करू नयेत, म्हणून.